खैरबनातली माळकरीण

माळकरीण नाचायला लागली की कठड्यापाशी उभे असलेले लोक चपला काढायचे.

त्या एकादशीलाही काढल्या. भिंतीपलीकडं विठ्ठलाच्या देवळात संध्याकाळचं भजन उभं राहिलं, मृदंगावर पहिली थाप पडली, टाळ खणखणले, आणि खंदकापलीकडच्या आवारात आमचं अस्वल मागच्या दोन पायांवर उठलं. पुढचे पंजे छातीशी, मान वर, आणि एका अंगावरून दुसऱ्या अंगावर संथ डोलणं. अस्वलाच्या छातीवर पांढरा पट्टा असतो, गळ्यात तुळशीची माळ घातल्यासारखा. पाटीवर तिचं नाव कस्तुरी होतं, पण गावानं तिला केव्हाच माळकरीण करून टाकलं होतं. एका आजीनं कठड्यावर बुक्क्याचं बोट टेकवलं. तिच्या सुनेनं कडेवरच्या लेकराचे हात जोडून दिले. मी मागं झाडू घेऊन उभी होते, आणि इतरांसारखेच माझेही डोळे भरून आले होते.

खैरबन म्हणजे आमच्या नगरपालिकेचं लहानसं प्राणिसंग्रहालय. मी तिथं प्राणीरक्षकाचं शिक्षण घ्यायला लागले होते. शिक्षण म्हणजे पिंजरे धुवायचे, खाणं चिरायचं, लेंडी बघून पोटाची खबर घ्यायची आणि दिवस कलताना डॉक्टर नसरीन काझी मॅडमपुढं उभं राहून आज काय काय दिसलं ते सांगायचं. “काय वाटलं ते नको, काय दिसलं ते सांग,” असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मला ते जड जायचं, कारण आमचं घर पडलं कीर्तनाचं. विश्वंभरबुवा ढगे माझ्या वडिलांचे थोरले काका. त्यांना घरातसुद्धा सगळे बुवाच म्हणत. परकर नेसायच्या वयापासून मी त्यांच्या मागं उभं राहून ध्रुपद धरलं होतं. कीर्तनात बुवांच्या पाठीवर घामाचा नकाशा कसा उमटत जातो हे मला पाठ होतं. मी एक दिवस बुवांच्या जागी उभी राहणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि मी खैरबनात अर्ज केला तेव्हा आई चार दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती. बुवा मात्र हसले. म्हणाले, आम्ही माणसं सांभाळून दमलो, तू जनावरं सांभाळ. ती कीर्तनात झोपत तरी नाहीत.

पावसाळा सरत आला तेव्हा माळकरणीच्या डोळ्याखाली सूज आली. उकडलेलं रताळं ती तोंडात घ्यायची आणि एका बाजूनं खाली पाडायची. मॅडमनी दुर्बिणीतून पाहिलं, तोंडाचा वास घेतला आणि सांगितलं की दाढ किडली आहे, मुळाशी पू झाला आहे. दाढ निघाली नाही तर तो हाडात उतरेल, आणि मग ती हिवाळा काढणार नाही. दाढ काढायची तर भूल हवी. काही वर्षांपूर्वी तिला बंदुकीनं भुलीची सुई मारली होती. सुई लागल्यावर ती भेदरून आवारभर धावली, कोसळली आणि तिचा श्वासच थांबला. कशीबशी परत आणली होती. तेव्हा हजर असलेल्या माणसांना त्या दिवसाची आठवणसुद्धा नको असायची.

“बंदूक मी वापरणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “तिनं आपणहून येऊन हात पुढं करायचा आणि आपण हातानं इंजेक्शन द्यायचं. यमुना, हे तुझं काम. येईल ना?”

“येईल,” मी म्हणाले. का कोण जाणे, पण मला खरोखरच शंका वाटली नव्हती.

रीत अशी. तिच्या कोठडीशेजारी, आवाराच्या गजांना एक जाळीचं नळकांडं बसवलेलं असतं. अस्वलानं त्यात हात घालायचा, टोकाचा दांडा धरायचा आणि धरून ठेवायचा. धरला की आपण जिभेनं ‘टक’ करायचं, आणि लगेच बांबूच्या नळीतून मध. अस्वल मध चाटत नाही, ओढतं. कारंडेअण्णा बशीतला चहा ओढतात तसा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. हे अण्णा देवळाच्या पंचांतले मुख्य. ते पुढं येतीलच. मॅडमचा सल्ला एवढाच होता की सुरुवातीला तिची सगळ्यात आनंदाची वेळ निवड.

ती मला विचारावी लागली नाही. मी भजनाची वेळ निवडली.

रोज संध्याकाळी मी मागच्या बोळातून कोठडीपाशी जायची, मधाची नळी पुढं धरायची आणि हाक मारायची. ती यायची नाही. पलीकडं टाळ सुरू झाले की ती आवारात उभी राहायची आणि डोलायची. मधाकडं ढुंकूनही बघायची नाही. मला त्याचंही कौतुकच वाटलं. तल्लीन झालेल्या माणसाला भूक-तहान कळत नाही, तसं हे. मी मॅडमना तसं सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, हे तुला वाटलं. दिसलं काय?

मी उभी राहायची ती जागा नळकांड्यापाशी, भिंतीच्या आड. तिथून मला तिची फक्त हलणारी सावली दिसत होती. दुसऱ्या दिवशी मी जागा बदलली. कोठडी आणि आवार यांच्यामध्ये गजांचं दार आहे, त्या दारालगत बोळात, गजांआड जाऊन बसले.

टाळ वाजले. माळकरीण आवाराच्या मधोमध मुंग्यांची माती उकरत होती. तिनं मान वर केली आणि धावत माझ्याकडं, म्हणजे दाराकडं आली. दार बंद होतं. ती वळली, दाराला पाठ लावली आणि उठून उभी राहिली. समोरच्या कठड्यावर लोकांनी चपला काढल्या. त्यांना तिचं तोंड, छातीवरची माळ आणि डोलणं दिसत होतं. मला तिची पाठ दिसत होती, हातभर अंतरावर. मागचे दोन्ही पाय लटलट कापत होते. एक पंजा छातीशी नव्हताच. तो नाकावर होता, नाक झाकून धरलेला; खंदकापलीकडून तो जोडलेल्या हातासारखा दिसत असणार. आणि तिच्या पायांवरून पाण्याची धार उतरून फरशीवर पसरत होती.

ती फरशी मी रोज सकाळी घासत होते. दाराशी कायम वाळलेला डाग असायचा. मी तो पाण्याच्या हौदाचा समजत होते.

भजन संपेपर्यंत मी तिथंच बसून राहिले. शेवटचा गजर झाला, टाळ थांबले, तरी ती खाली उतरली नाही. कठडा रिकामा झाला तेव्हा उतरली आणि दाराच्या गजांत तोंड खुपसून पडून राहिली.

मॅडमना मी फक्त दिसलं ते सांगितलं. त्यांनी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि विचारत गेल्या. कधी उठते, कशानं उठते, नुसत्या आवाजानं की टाळानं, नंतर कुठं बसते. मग म्हणाल्या, “ही रस्त्यावरच्या खेळातून सोडवून आणलेली, हे मलाही माहीत होतं. नाकातल्या दोरीचं भोक मी किती वेळा पाहिलंय. मला वाटायचं, जुनी सवय आहे, तेवढाच व्यायाम होतो.” त्यात नवल काहीच नव्हतं. पाटीवरही सगळं लिहिलेलं होतं, साऱ्या गावानं वाचलेलं होतं. वाजतंय म्हणजे उभं राहायचं. नाही राहिलं तर दोरी ओढली जाणार, काठी बसणार. दोरी कधीच कापली होती. तिला मात्र ते अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी वेळ बदलली. सकाळचा काकडा आटोपून देऊळ निवांत झालं की जायची. भजनाच्या वेळी तिच्या कोठडीचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली. ती आत येऊन अंधाऱ्या कोपऱ्यात बसायची, आणि बाहेर कठड्यावरचे लोक माझ्या नावानं बोटं मोडायचे. भांडी घासतानाही गाणारी मी, पण त्या बोळात तोंडातून सूर निघू दिला नाही. नुसतं जिभेचं ‘टक’ आणि मध. पहिल्यांदा तिनं नळकांड्याचा वास घेतला. मग एक नख आत आलं. मग पंजा. दिवाळीच्या सुमाराला ती पूर्ण हात आत घालून दांडा धरायला लागली. दंडावर मी काडी टोचून पाहिली, मग बोथट सुई, मग रिकामी. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मध ओढत राहिली. मॅडम म्हणाल्या, आता हिच्याबद्दल मला काळजी नाही, त्या दाताच्या डॉक्टरांबद्दल आहे.

जनावरांच्या दातांचे ते डॉक्टर दूरच्या शहरातले. त्यांना एकच दिवस मोकळा होता. रेल्वेनं उतरून खैरबनात पोचायला दुपार होणार. सूज आता डोळ्यापर्यंत चढली होती, दिवस पुढं ढकलणं शक्य नव्हतं. आणि तो दिवस आला देवळाच्या सप्ताहात. दुपारी मंडप भरून भजन, टाळ शंभरावर, वर भोंगे.

मी पंचांपुढं गेले. बुवाही तिथंच होते, गाभाऱ्याच्या पायरीला टेकून सुपारी कातरत. मी सगळं सांगितलं. त्या दुपारी, ती झोपेपर्यंत, वाजवणं थांबवा, असं मी म्हणाले.

कारंडेअण्णांनी आधी इकडंतिकडं बघितलं, मी मस्करी तर करत नाही ना, हे ताडून पाहायला. मग त्यांनी मला जे मी जन्मापासून जाणत होते तेच समजावलं. सप्ताह बसला की वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दिवसरात्र पहारा. ती टेकली, खंड पडला, की सप्ताह मोडला. गावात साथ आली होती तेव्हासुद्धा खंड पडला नव्हता.

“अस्वलासाठी देव बंद करू म्हणतेस?” अण्णा म्हणाले.

“देव नाही अण्णा. टाळ.”

“वा. उद्या म्हणशील, वानरांना घंटा सोसत नाही, आरती खुणेनं करा. अगं, ती माळकरीण नामात डोलते. बुवांनी गावोगावच्या कीर्तनांत सांगितलंय ते. जनावराला कळतं आणि माणसाला कळत नाही म्हणून. तू काय बुवांना खोटं पाडायला निघालीस?”

माझ्या मनात हीच एक गोष्ट होती जी मी तोंडावर आणली नव्हती. बुवांचा तो दृष्टांत मी स्वतः त्यांना दिला होता, आणि तो ऐकताना मोठमोठी माणसं रडताना मी पाहिली होती. बुवांचा अडकित्ता थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

“उद्या मला दाखव,” ते म्हणाले.

मॅडमनी परवानगी दिली. मागच्या बोळात चामड्याचं काही चालत नाही, म्हणून बुवा वहाणा काढून आत आले. मी दाराशी त्यांना माझ्या जागेवर बसवलं. त्या दिवशी कोठडीचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं नव्हतं. तेवढं एकदाच, आणि त्याबद्दल मी मनात तिची माफी मागितली. पलीकडं भजन उभं राहिलं. बुवांनी शिकवलेली पोरं, बुवांनीच लावून दिलेली चाल. त्यांचा हात सवयीनं मांडीवर ठेका धरायला लागला.

मग ती धावत आली, दाराला पाठ लावून उठली, आणि बुवांचा हात थांबला.

पाण्याची धार त्यांच्या धोतरापर्यंत आली तरी सरकले नाहीत. शेवटी म्हणाले, “नाकाला काय झालंय गं हिच्या?”

“दोरी होती, बुवा. पूर्वी.”

“आता कोण मारतं?”

“कुणी नाही.”

“मग ही कुणासमोर उभी आहे?”

पलीकडून त्यांच्याच शिष्याचा आवाज चढत होता, छान लागला होता. मी उठून साखळी ओढली, दार वर गेलं, आणि ती आमच्याजवळून, गजांपलीकडून, अंधारात शिरली. बुवांनी धोतर झटकलं आणि निघाले. फाटकापाशी मी विचारलं की तुम्ही अण्णांना सांगाल का. ते म्हणाले, सप्ताह माझ्या एकट्याचा नाही, पोरी. बघू.

त्या ‘बघू’वर मला ती दुपार उभी करायची होती.

दाताचे डॉक्टर आले, उंच, अबोल, हातात दोन पेट्या. त्यांनी जेवायलाही नकार दिला. मॅडमनी सुई भरली. माळकरीण कोठडीत होती, नळकांडं आता कोठडीच्या गजांना बसवलेलं होतं, मधाची नळी माझ्या हातात. मी ‘टक’ केलं. ती उठून माझ्याकडं यायला निघाली, आणि भोंग्यातून मृदंगाची थाप पडली. मागोमाग शंभर टाळ.

ती जागच्या जागी उभी राहिली. नाकावर पंजा. दाताच्या डॉक्टरांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी सुई खाली घेतली, पण ठेवली नाही.

“थांबूया,” मी म्हणाले.

“किती?”

“थांबूया, मॅडम. ती येईल.”

एक चाल संपली. दुसरी सुरू होण्याआधी भोंग्यात कुणीतरी घसा खाकरला. ते खाकरणं मी हजार माणसांत ओळखलं असतं.

“मंडळी,” बुवांचा आवाज आला, साधा, बोलता. “भिंतीपलीकडच्या मुक्या जिवाचा दृष्टांत मी तुम्हाला पुष्कळदा दिला. तो खोटा होता. मी मागून पाहिलं नव्हतं. आज तो परत घेतो. टाळ हातात राहू द्या, नाम मनात राहू द्या. वीणा गळ्यातच राहील, तिला कुणी उतरवणार नाही. फक्त वाजवू नका. आपण आवाज न करता भजन करायचं आहे. जमेल का?”

आणि भोंगा बंद झाल्याचा खट्कन आवाज ऐकू आला.

अशी शांतता मी खैरबनात कधी ऐकली नव्हती. आमचे मोरसुद्धा गोंधळून गप्प झाले. माळकरीण उभीच होती. मी हाक मारली नाही, नळी हलवली नाही. हळूहळू तिचा पंजा नाकावरून खाली आला. मग दुसरा. ती चार पायांवर उतरली, अंग झाडलं आणि चालत माझ्याकडं आली. तिनं नळकांड्यात हात घातला आणि दांडा धरला.

टक. मध. मॅडमची सुई आत गेली आणि बाहेर आली. तिनं नळीतून असा काही सुर्रकन मध ओढला की दाताचे डॉक्टर पहिल्यांदाच हसले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहायला नको. दाढ निघाली. ती बरी झाली आणि पुढं पुष्कळ वर्षं रताळी खात, भजनाच्या वेळी कोठडीत घोरत जगली. मी आता खैरबनात नव्या मुलांना शिकवते. पण सांगायचं आहे ते मधल्या वेळाचं.

सुई दिली की लगेच झोप लागत नाही. अंगात भूल चढत असताना गोंगाट झाला तर जनावर अर्धवट शुद्धीत उठायला बघतं, कोसळतं, आणि मग पूर्वीचं तेच. मॅडम कुजबुजल्या, “त्यांना वाटेल झालं. पळ, सांग त्यांना, ती पुरती झोपेपर्यंत नको. मी भिंतीवरून खूण करते.”

मी अनवाणी पळाले, मधल्या फाटकातून, देवळाच्या मागच्या बाजूनं मंडपात शिरले, आणि थबकले.

कुणी बसलं नव्हतं. सगळा मंडप उभा होता. टाळकऱ्यांनी टाळाच्या वाट्या एकमेकींवर दाबून मुठीत धरल्या होत्या, चुकूनही किणकिणू नयेत म्हणून. मृदंगवाल्यानं दोन्ही तळवे पुड्यांवर पसरून ठेवले होते. बायांनी लेकरांची तोंडं खांद्यात दाबली होती. माझी आई डोळे मिटून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज कुठंच नव्हता, पण सगळ्यांचे पाय एका लयीत, अगदी थोडे, जमीन न सोडता हलत होते. बुवा पुढं, हात जोडून. पाठीवर घामाचा नकाशा.

आणि मधोमध वीणा गळ्यात घालून कारंडेअण्णा. त्या घडीचा पहारा त्यांचा होता. वीणा टेकली नव्हती. त्यांचं बोट तारेच्या केसभर वर थांबलेलं होतं. मला पाहून त्यांनी मान पुढं केली.

“वाजवू?” त्यांनी ओठांनीच विचारलं.

“अजून नाही, अण्णा.”

त्यांनी मान डोलावली. वाद नाही, टोमणा नाही. मी बुवांच्या मागं माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले आणि भिंतीकडं तोंड करून एक हात वर धरला. मला जाणवत होतं की साऱ्या मंडपाची नजर त्या हातावर आहे. ऊन मांडवाच्या फटींतून सरकत होतं. कुणी खोकलं नाही, कुणी पाय बदलला नाही. नुसती ती जमीन न सोडणारी लय चालू होती, आणि कधीतरी माझेही पाय तिच्यात मिसळले.

भिंतीवर मॅडमचं डोकं दिसलं. उलट्या घमेल्यावर चढल्या असणार, कारण त्या उंचीनं माझ्याएवढ्याच. त्यांनी ओढणी सोडवून सावकाश हलवली.

मी हात खाली केला आणि वळले. “आता, अण्णा.”

कारंडेअण्णांनी डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात वीणेवर होते. त्यांनी तार छेडली. आयुष्यभर ते वीणा छेडायचे ती पार चौकात ऐकू जायची. त्या दुपारी त्यांनी ती अशी छेडली, जशी पाळण्याशेजारी बसलेली बाई दोरी ओढते, आणि त्यांच्या मागून शंभर टाळ तितक्याच हळू उघडले.